साकवापलीकडचा: कोकणातील अद्भुत प्रेमकथेचा मांगा कसा रचावा

श्रावणात ऊन आणि पाऊस एकाच वेळी अंगणात उतरले की कोल्ह्याचे लग्न लागले, असे आपल्याकडील मुले म्हणतात. जपानमध्येही अशा पावसाला कोल्ह्याचेच लग्न म्हणतात. तेथील नाव ‘कित्सुने नो योमेइरी’, म्हणजे कोल्हीण नवरी होऊन सासरी निघणे. हे साम्य प्रथम लक्षात आले तेव्हा मी हरखून गेलो आणि त्या भरात एक पूर्ण पान रंगवून टाकले: देवबागच्या वाळूत किमोनो नेसलेली, नऊ शेपट्यांची तरुणी उभी, मागे जपानी देवळापुढची लाल तोरी कमान आणि त्यामागे माडांची रांग. चित्र वाईट नव्हते. आजीने ते हातात धरून बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ह्यां चेडू खंयचां?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ज्या पात्राचे गाव त्याच्या चित्रकाराला सांगता येत नाही त्याची प्रेमकथा चार पानांपलीकडे जात नाही, हे मला पुढच्या आठवडाभरात कळले.

पुढील मार्गदर्शन अशांसाठी आहे, ज्यांनी जपानी लोककथांवर बेतलेल्या अद्भुत प्रेमकथा मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, रूपात वाचल्या आहेत, ज्यांना चित्र काढता येते, आणि ज्यांना आपल्या किनाऱ्यावरची सुमारे 24 पानांची पहिली कथा पूर्ण करावयाची आहे. जपानी गोष्टींचे कपडे उसने घेऊ नयेत, त्यांची हाडे पाहावीत, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि ते हाड म्हणजे अट.

अट आधी, पात्र नंतर

मनुष्य आणि मनुष्येतर जीव यांच्या विवाहाच्या कथांचा जपानमध्ये एक स्वतंत्र वर्गच मानला जातो. त्यांतील तीन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. जपानमध्ये स्थायिक झालेले लेखक लाफ्काडिओ हर्न यांनी 1904 साली प्रसिद्ध केलेल्या युकी-ओन्नाच्या कथेत हिमवादळात सापडलेल्या दोन लाकूडतोड्यांपैकी म्हाताऱ्याचा प्राण ती हिमस्त्री घेते, तरुणाला मात्र सोडते आणि त्याला बजावते की या रात्रीविषयी कोणालाही, अगदी आईलाही सांगू नकोस. पुढे तो एका मुलीशी लग्न करतो, त्यांना मुले होतात, आणि एका रात्री दिव्याच्या उजेडात शिवणकाम करणाऱ्या बायकोकडे पाहून त्याला ती जुनी रात्र आठवते व तो नेमके तिलाच सगळे सांगून बसतो. क्रौंच पक्ष्याच्या कथेत जीव वाचवल्याचे ऋण फेडण्यासाठी आलेली स्त्री स्वतःची पिसे उपटून अप्रतिम कापड विणते आणि विणताना आत डोकावू नये एवढेच मागते. अर्थातच कोणीतरी डोकावते. कुझुनोहा ही कोल्हीण आबे नो यासुना याची पत्नी होते, पण तिचे खरे रूप उघड झाल्यावर कागदी पडद्यावर कविता लिहून ती शिनोदाच्या अरण्यात परत जाते. तिचा मुलगा म्हणून कथा ज्याला ओळखते तो आबे नो सेइमेई हा दहाव्या शतकातील दरबारी ज्योतिषी मात्र खरोखर होऊन गेला.

तिन्ही कथांच्या गाभ्यात राक्षस नाही, खलनायक नाही, प्रेमाचा तिसरा कोन नाही. एक मर्यादा आहे आणि ती ओलांडली जाते. हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही, कारण गंगेने शंतनूला घातलेली अट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: मी काहीही केले तरी विचारू नकोस. आठव्या मुलाच्या वेळी तो विचारतो, आणि त्याने विचारू नये असे वाटणारा वाचक जगात नाही. अट मोडणारा माणूस दुष्ट असता कामा नये. ती त्याच्या चांगुलपणामुळे, कुतूहलामुळे किंवा निव्वळ योगायोगाने मोडली पाहिजे. नाहीतर प्रेमकथेची नीतिकथा होते.

चित्रकथेसाठी अट निवडताना आणखी एक कसोटी लावावी, जी केवळ लेखन करणाऱ्याला लावावी लागत नाही. अट चित्रात काढून दाखवता येते का? ‘सांगू नकोस’ ही अट कानावर चालते, पानावर ती संवादाच्या फुग्यात अडकून पडते. ‘पाहू नकोस’, ‘दिवा लावू नकोस’, ‘पाणी ओलांडू नकोस’ या अटींना मात्र उजेड, सावली, दार, काठ असे दृश्य अवयव असतात, आणि ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुन्हा पुन्हा काढता येतात. शिवाय अट त्या जीवाच्या देहाशी बांधलेली असावी. हिमस्त्री वितळते, क्रौंच पिसे गमावते. मनात आले म्हणून घातलेली अट वाचक लगेच ओळखतो.

जागा: नकाशावर बोट ठेवता आले पाहिजे

लोकसाहित्याचे जपानी अभ्यासक यानागिता कुनिओ यांचा 1910 सालचा लोककथासंग्रह 119 छोट्या नोंदींचा आहे आणि त्या सर्व इवाते प्रांतातील तोनो या एकाच परिसरातील, सासाकी किझेन या तेथल्याच तरुणाने सांगितलेल्या आहेत. त्या नोंदींत अमुक डोंगर, अमुक ओढा, अमुक घराणे असे स्पष्ट उल्लेख येतात. हर्न यांनीही हिमस्त्रीची कथा मुसाशी प्रांतातील चोफू येथील एका शेतकऱ्याने आपल्या गावची म्हणून सांगितल्याचे नमूद केले आहे. योकाई, म्हणजे जपानी लोकसमजुतीतील अद्भुत जीव, मांगामध्ये घरोघरी पोहोचवणारे मिझुकी शिगेरू साकाइमिनातो या बंदराच्या गावी वाढले आणि तेथील एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून त्यांनी या जीवांच्या गोष्टी ऐकल्या. आज त्या गावाच्या रस्त्यावर योकाईंच्या शंभराहून अधिक कांस्यमूर्ती उभ्या आहेत. हवेत तरंगणारा योकाई जवळजवळ नसतोच. तो कोणत्या तरी पुलाखालचा, खिंडीतला, विहिरीतला असतो.

आपल्या गावऱ्हाटीची रचना नेमकी अशीच आहे. राखणदार वेशीचा असतो, आसरा पाणवठ्याच्या असतात, मुंजा पिंपळाचा, गिऱ्हा पाण्याचा, चकवा रानवाटेचा. आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्या झिजवतो अशी श्रद्धा आहे. चपलांचे झिजलेले तळवे या एका तपशिलात चित्रकाराला शिकण्यासारखे पुष्कळ आहे: अदृश्याचा पुरावा नेहमी अगदी घरगुती वस्तूवर उमटलेला असावा.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. ज्या देवाला आजही गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो, त्याला प्रेमकथेचा नायक करू नये. त्याच्याकडून सावली, वेळ, नियम घ्यावा आणि पात्र स्वतःचे घडवावे. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. हडळ, जखीण यांच्या गोष्टी पुष्कळदा बाळंतपणात गेलेल्या किंवा गावाने वाळीत टाकलेल्या बायकांविषयीच्या असतात, आणि कित्येक भुताखेतांच्या गोष्टींत जातीचा तिरस्कार मुरलेला असतो. अशी गोष्ट उचलायची असेल तर ती त्या बाईच्या बाजूने सांगावी; निव्वळ भीतीसाठी वापरू नये.

जागेबरोबर वेळही ठरवावी. जपानी भाषेत संधिकालाला ‘तासोगारे’ म्हणतात आणि त्या शब्दाची फोड ‘तो कोण?’ अशी केली जाते, कारण त्या उजेडात समोरचा माणूस ओळखू येत नाही. आपल्याकडे तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नये, शिंकू नये, केस विंचरू नयेत असे सांगतात. दोन्हीकडे भीती अंधाराची नसून अर्धवट उजेडाची आहे, आणि प्रेमालाही तोच उजेड मानवतो.

एक कथा बांधून पाहू

जपानी लोककथांत रूप बदलणाऱ्या प्राण्यांत कोल्ह्यानंतर आणि तानुकीनंतर (रॅकूनसारखा दिसणारा जंगली कुत्रा) पाणमांजराचा मान आहे. ते देखण्या तरुणीचे रूप घेऊन रात्री रस्त्यावर उभे राहते, पण ‘कोण आहेस?’ असे विचारले की त्याचे उत्तर किंचित चुकते आणि तेथेच ते पकडले जाते. जपानमधील पाणमांजराची ती जात 2012 साली सरकारने नामशेष घोषित केली. सिंधुदुर्गातील नद्यांत आणि खाड्यांत मात्र पाणमांजरे आजही आहेत, आणि मासे पळवतात व जाळी फाडतात म्हणून मच्छीमारांचा त्यांच्यावर राग आहे. कथेचे बीज येथेच पडले. जो जीव जाळी फाडतो त्यानेच ती रात्री येऊन विणली तर?

नायिका केतकी, वय 20, कुडाळला शिकते. ती जूनमध्ये खाडीकाठच्या घरी आली आहे. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि घराघरांतून जाळी दुरुस्त करण्याचे काम चालते. कथेला लागणारी मुदत सरकारी परिपत्रकानेच ठरवून दिली, इतके सोयीचे दान लेखकाला क्वचित मिळते. केतकीच्या बापाच्या हाताला दुखापत झाली आहे, पडवीत फाटके जाळे पडून आहे, आणि रोज सकाळी त्यातली दोन-चार छिद्रे भरलेली सापडतात. तिसऱ्या रात्री ती जागी राहते. साकवाच्या, म्हणजे छोट्या लाकडी पुलाच्या, पलीकडून एक तरुण येतो, अंगावरून पाणी निथळते आहे, आणि तो एकच गोष्ट मागतो: “दिवो लावू नको.”

वीज तर वादळाने गेलेलीच आहे. त्यामुळे अट पाळणे सोपे जाते, दोघे काळोखात बोलत बसतात, बोटे जाळ्यावर चालत राहतात, आणि वाचक विसरून जातो की हा काळोख कोणी निवडलेला नाही. पुढे एका रात्री, कोणाचाही दोष नसताना, वीज परत येते. पडवीतला बल्ब लागतो. त्याच्या बोटांच्या मधले पातळ पडदे तिला दिसतात, आणि तिने पाहिले हे त्याला दिसते. कोकणात पावसाळा काढलेल्या कोणत्याही वाचकाला ‘लाइट आली’ या आनंदाच्या आरोळीचा असा उपयोग झालेला पाहून चरकल्यासारखे व्हावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

परंतु कथेचे खरे वळण हे नव्हे. जाळे पूर्ण झाले की 1 ऑगस्टला ते पाण्यात पडणार आणि त्याच्याच कुळाच्या तोंडचे मासे ओढून आणणार. म्हणजे तो रात्रभर बसून स्वतःच्या घराची उपासमार विणत होता. क्रौंचाने पिसे उपटली, याने भूक उपटली. हे केतकीला कळते तो क्षण प्रेमाचा आहे. बल्ब लागतो तो क्षण फक्त वियोगाचा आहे. दोन्ही क्षण एकाच पानावर आणू नयेत.

पान बांधताना

जपानी कथाकार चार टप्प्यांची एक जुनी रचना वापरतात: ‘की’, ‘शो’, ‘तेन’, ‘केत्सु’, म्हणजे आरंभ, विस्तार, वळण आणि मिळवणी. ती मूळची चिनी चार ओळींच्या कवितेतून आली. तिचे वैशिष्ट्य असे की तिसऱ्या टप्प्यात संघर्षच पेटला पाहिजे असा आग्रह नसतो. आधी पाहिलेली गोष्ट वेगळ्या बाजूने दिसली तरी पुरते. आपल्या कथेला 24 पानांत साधारण 5, 9, 6 आणि 4 अशी वाटणी मानवते. विस्ताराला सर्वांत जास्त पाने दिली आहेत याचे कारण असे की दोघांना एकमेकांची सवय लागताना वाचकालाही ती लागावी लागते, आणि सवय घाईने लागत नाही.

पेन्सिल हातात घेण्यापूर्वी जपानी मांगाकार ज्याला ‘नेमू’ म्हणतात तो कच्चा आराखडा करावा: छोट्या चौकटी, काडीची माणसे, संवाद मात्र शब्दशः. हा टप्पा टाळणारे दहाव्या पानावर अडकतात. नेमू तीनदा करावा आणि दर वेळी संवाद कमी करावेत.

वाचनाची दिशा हा नवशिक्यांच्या वादाचा आवडता विषय आहे. जपानी मजकूर उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे जातो, म्हणून त्यांची पानेही उजवीकडून उलटतात. मराठी डावीकडून वाचली जाते, म्हणून आपण डावीकडून काढावे, आणि त्यात काही कमीपणा मानू नये. याचा परिणाम फुग्यांच्या आकारावर होतो. उभ्या ओळींसाठी जपानी फुगे उंच आणि अरुंद असतात. देवनागरीला आडवी जागा लागते आणि वरच्या-खालच्या मात्रांसाठी ओळींत अंतर लागते. जपानी पान जसेच्या तसे गिरवून त्यात मराठी भरली की शब्द तुटतात आणि चेहरे झाकले जातात. पूर्वी परदेशी प्रकाशक जपानी पाने आरशातल्यासारखी उलटी करून छापत असत, आणि त्यात एक विलक्षण चूक घडत असे: किमोनोची डावी बाजू उजवीवर येते ती जिवंत माणसाची रीत, आणि उलट बाजू प्रेताला नेसवताना वापरतात, पान उलटे झाले की सगळी पात्रे मेलेल्यांच्या वेषात वावरू लागत. आपल्या कथेत किमोनो नाही, तरी लुगड्याचा पदर, जानवे, नथ यांची बाजू तपासण्याची सवय यावरून लावून घ्यावी.

डावीकडून वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात विषम क्रमांकाचे पान उजवीकडे येते आणि त्यानंतर पान उलटावे लागते. उत्सुकता त्या पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवावी व दर्शन पुढच्या सम पानावर द्यावे. केतकीचे ‘कोण आसा थंय?’ 7 व्या पानाच्या शेवटी, आणि साकवावरची आकृती 8 व्या पानावर, चौकटीशिवाय.

चौकटीशिवाय पान सोडणे ही मुलींसाठीच्या मांगामधून आलेली मोठी देणगी आहे. तेथे भावना उचंबळली की चौकटीच्या रेषा विरतात, पात्राचे केस किंवा फुले शेजारच्या चित्रात शिरतात, आणि वेळ थांबतो. तेथे गुलाब किंवा चेरी असते म्हणून आपण ती काढू नयेत. आपल्याकडे केवडा आहे, बकुळ आहे, आणि चैत्राच्या आसपास सिंधुदुर्गात उमलणारी सुरंगी आहे, जिचे वळेसर केसांत आले की सगळ्या एसटीला कळते. कथा जून-जुलैत घडत असल्याने सुरंगी फुललेली दाखवता येणार नाही. पण आजीच्या पेटीत सुकलेला वळेसर असू शकतो. ऋतू चुकवू नये. कोकणातला वाचक बाकी सगळे माफ करील, जुलैत फुललेली सुरंगी माफ करणार नाही.

पाऊस, पाय आणि डोळे

हिमस्त्रीची कथा काढणाऱ्याला कोरा कागदच बर्फ म्हणून वापरता येतो. आपल्याकडे पांढरे काही नाही. आपला ऋतू काळा आहे. म्हणून रात्रीच्या चौकटी आधी शाईने भराव्यात आणि पाऊस पांढऱ्या जेल पेनाने किंवा पांढऱ्या पोस्टर रंगाने वर ओढावा. सगळ्या रेषा एकाच कोनात, एकाच जाडीच्या काढल्या तर पाऊस गजासारखा दिसतो. कौलाच्या पागोळ्यांची धार सलग आणि जाड, अंगणातला पाऊस तिरका आणि तुटक, खाडीवरचा पाऊस म्हणजे रेषाच नव्हेत, फक्त पाण्यावर उठलेली वर्तुळे. केतकी आणि तो बोलत असताना मागची पागोळ्यांची धार एकेका चौकटीत बारीक करीत जावी. पाऊस थांबत आला हे संवादात सांगावे लागत नाही.

पायांविषयी एक मौज आहे. मारुयामा ओक्यो या अठराव्या शतकातील चित्रकाराच्या नावावर जपानी भुताचे जे रूप मोडते त्याला पायच नसतात. कमरेखाली ते धुरासारखे विरते. आपल्या भुताचे पाय उलटे असतात. पाय नसलेले भूत तरंगते, उलट्या पायांचे भूत ओल्या वाळूत ठसे सोडते, आणि ठशांचा माग काढणारा माणूस त्याच्यापासून दूर जातो. चित्रकथेला आपली कल्पना अधिक उपयोगाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या नायकाचे ठसे उलटे काढण्याची गरज नाही, पण साकवाच्या फळीवर पाच बोटांचा, मध्ये पडद्याची पुसट रेघ असलेला एक ओला ठसा 4 थ्या पानावर ठेवून द्यावा आणि त्याविषयी कोणी काही बोलू नये.

डोळे मोठे काढले की मांगा झाला, अशी समजूत आहे. मोठे डोळे आपल्याकडेही आहेत, कुडाळजवळच्या पिंगुळीत. तेथील ठाकर समाजाची चित्रकथी ही परंपरा म्हणजे एकामागून एक चित्र दाखवीत रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगणे. 2021 साली परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतील माणसे बहुधा एका बाजूने दिसतात, डोळे टपोरे आणि पूर्ण उघडे, आणि नजर समोरच्या पात्राला थेट बांधून ठेवते. जपानमध्येही 1930 च्या दशकात ‘कामिशिबाई’वाले सायकलवर लाकडी चौकट बांधून, मुलांना गोळ्या विकून, एकेक चित्र सरकवीत गोष्टी सांगत, मिझुकी मांगाकडे वळण्यापूर्वी अशीच चित्रे काढीत असत. तेव्हा जपानी डोळे गिरवण्याआधी एक दिवस पिंगुळीला जाऊन नुसत्या नजरा रेखाटून आणाव्यात. काळोखातल्या दोन माणसांची कथा आपण काढतो आहोत; त्यात नजर कोठे टेकली आहे हे कळणे सर्वांत महत्त्वाचे.

नाद आणि बोली

जपानी मांगामध्ये आवाज चित्रासारखे काढले जातात, आणि केवळ आवाजच नव्हे तर न ऐकू येणाऱ्या गोष्टीही: चमकण्याला ‘किरा किरा’, संपूर्ण शांततेला ‘शीन’. मराठीत हे वैभव उपजतच आहे आणि आपण ते वापरत नाही. लखलख, मिणमिण, झुळझुळ, रपरप, टपटप, चिडीचूप. आणि ‘किर्र’, जो रातकिड्यांचा आवाजही आहे आणि रात्रीच्या निःशब्दतेचे नावही. हे शब्द संगणकाच्या अक्षरांत टाकू नयेत. देवनागरीची शिरोरेषा ही चित्रकाराला आयती मिळालेली रेषा आहे: ‘खळखळ’ची शिरोरेषा पाण्याच्या पातळीबरोबर वाकवावी, ‘टपटप’ कौलाच्या कडेला टांगावे, आणि बल्ब लागतो त्या पानावरचा ‘फक्’ एवढा मोठा असावा की त्याची शिरोरेषाच चौकटीची वरची कड व्हावी.

कथनाची चौकट प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत, ही वाटणी उत्तम चालते. रत्नागिरीकडील कथा असेल तर तिकडची बोली वेगळी आहे, ती तिकडच्या माणसाकडून तपासून घ्यावी. केतकीशी तिची आजी ‘गो’ लावून बोलेल, केतकी बापाला अरे-तुरे करते की नाही हे घरावर अवलंबून आहे, पण नायकाशी तिचे संबोधन कथेत एकदा बदलले पाहिजे. त्याचे बोलणे मात्र सदैव किंचित चुकलेले असावे, कारण जपानी पाणमांजराची ती खूण आपण उचलली आहे. “खंय रवतंस?” असे तिने विचारल्यावर तो गावाचे नाव सांगत नाही, म्हणतो, “भरतीक हंय, ओहोटीक थंय.” केतकी हसते. वाचकाला हसू येऊन वर थोडी हुरहूर लागावी.

साधने थोडक्यात

शाई, जी-पेन (शाईत बुडवून वापरायचे निब) आणि जाड गुळगुळीत कागद एवढ्यात काम होते. पावसाळ्यात कागद सादळतो म्हणून तो डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवावा. संगणकावर काढणाऱ्यांसाठी क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे, आणि क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये चौकटी व करड्या छटांचे ठिपके तयार मिळतात. कृष्णधवल पाने 600 डीपीआयवर (दर इंचाला 600 ठिपके) ठेवावीत, नाहीतर ठिपक्यांच्या छपाईत लाटा उमटतात. संवाद हाताने लिहिणे सर्वोत्तम. अक्षर चांगले नसेल तर मुक्ता किंवा बालू हे मोफत देवनागरी टंक वापरता येतात. मधोमध पिना मारलेली पुस्तिका छापावयाची असल्यास पानांची संख्या 4 ने भाग जाणारी असावी, आणि 24 ही म्हणूनच सोयीची आहे.

छपाईपूर्वी नेमू एका मांगा वाचणाऱ्याला आणि एका कधीही न वाचलेल्या, पण खाडीवर आयुष्य गेलेल्या माणसाला दाखवावा. पहिला चौकटींचा क्रम कोठे चुकतो ते सांगेल. दुसरा सांगेल की जाळ्याची गाठ अशी नसते, साकवाला या बाजूने हात धरायला बांबू असतो, आणि ओहोटीला तेथे चिखल दिसतो, पाणी नाही. त्याचे सर्व ऐकावे आणि पाने बदलावीत, विशेषतः गाठ, कारण शेवटच्या पानावर तीच दिसणार आहे.

24 वे पान उलटल्याशिवाय दिसत नाही. ते सम आहे. त्याच्या आधी, 23 व्या पानावर, 31 जुलैची संध्याकाळ असावी: होडी पाण्याकडे ओढली जाते आहे, जाळे घडी घालून तयार आहे, बाप समाधानाने एकेक गाठ चाचपतो आहे, आणि केतकीच्या हातात कोयती आहे. पान उलटल्यावर संवाद नको, नाद नको, चेहराही नको. पाण्यात उतरलेले जाळे, त्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन हात रुंदीचे एक ताजे भगदाड, आणि त्यातून बाहेर पडणारे मासे.